१९८१ आधीचा जालना जिल्हा शोधायचा कुठे?

'जालना जिल्ह्याचा सामाजिक इतिहास : १९०१ ते १९९१' असा विषय ठरवून सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर जरा थांबा. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. तुमच्या नव्वद वर्षांपैकी ऐंशी वर्षं तो अस्तित्वातच नव्हता! जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबादमधून आले, परतूर परभणीतून. बदनापूर, घनसावंगी, मंठा हे तालुके त्याही नंतरचे. १९८१ च्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च, म्हणजे शिरगणती झाली तेव्हाही जिल्हा दोन महिने लांब होता.

तरी बहुतेकजण १९७७ चं औरंगाबाद गॅझेटिअर उघडतात आणि त्यातले आकडे 'जालना परिसर' म्हणून उतरवून काढतात. ग्रंथ उत्तमच आहे, पण त्याचं एकक आपलं नाही. 'जिल्ह्यात सरासरी इतका पाऊस' या वाक्यात कन्नडचे डोंगर आहेत, वैजापूर आहे, पैठणही आहे. परतूर मात्र नाही. त्यासाठी १९६७ चं परभणी गॅझेटिअर घ्यावं लागतं. दोन ग्रंथांत दहा वर्षांचं अंतर, त्यामुळे त्यांची सरासरी काढून जोडणं तर अजिबात चालत नाही. तालुक्याचे, जमलं तर गावाचे आकडे घ्या आणि बेरीज स्वतः करा. काम कंटाळवाणं आहे, पण प्रबंध त्यावरच उभा राहणार.

दुसरी अडचण पूर्वेच्या सीमेवर आहे. सिंदखेडराजा जालन्याहून तासाभराच्या आत गाठता येतं, बाजार आणि सोयरीक दोन्ही जुनी. पण ते वऱ्हाडात. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलं. म्हणजे शेजारच्या दोन गावांची दप्तरं दोन सरकारांची, दोन भाषांतली. जालन्याच्या बाजूला आधी फार्सी, मग उर्दू. मराठी-इंग्रजीवर भागेल असं गाइड म्हणाले तरी उर्दू वाचायला शिकाच. सहा महिन्यांत छापील मजकूर जमतो. हस्तलिखित शिकस्ता लिपीला वेळ लागतो.

आणि नवीन जालन्यावर काम करणार असाल, तर जुन्या कागदांत 'नवीन जालना' एवढंच शोधू नका. कुंडलिकेपलीकडची ही वस्ती तिथे कादराबाद नावाने येते.