‘बिस्मिल्ला’ : चित्रपटाबाहेरचे माधुर्य

दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या संचाची २०१९ मधील ‘बिस्मिल्ला’ ही ध्वनिमुद्रिका ऐकताना मन प्रथम जडते ते चालींवर. गीते इंग्रजी, पण ‘फ्लोटेड बाय’मधील सूर्यकांत साहनी यांचा संथ, उदास स्वर शब्दांआधीच अंतःकरणाला भिडतो, ‘मेमरी बॉक्स’ हे दीर्घ गीत नृत्याच्या ठेक्यावर झुलवते.

चित्रपटगीताला प्रसंग आणि पात्र आयते लाभतात; येथे सुरांनाच आपला प्रसंग निर्मावा लागतो. गजानन वाटवे यांच्या भावगीतांवर पोसलेल्या मराठी कानाला ही वाट परिचित आहे.

माधुर्य म्हणजे सवंगपणा, असे मानणाऱ्या टीकाकारांनी ही मुद्रिका अवश्य ऐकावी. तिच्यातील गोडवा व्यथेला झाकीत नाही. तिला बोलती करतो. तिच्यावर प्रेम जडण्यात रसिकतेला उणेपणा कसला?