गेजचा मेंदू कोणी पाहिला?

मेंदूविषयीचे कोणतेही लोकप्रिय पुस्तक उघडा, फिनीअस गेज त्यात बहुधा भेटतोच. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, कॅव्हेन्डिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. पंचवीस वर्षांचा मुकादम गेज सुरुंगाच्या भोकात लोखंडी पहारीने दारू ठासत असताना स्फोट झाला. सुमारे ११० सेंटिमीटर लांबीची, सहा किलो वजनाची ती पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. गेज वाचला, पण मेहनती, समंजस माणसाचा कायमचा उद्धट, शिवराळ आणि धरसोड करणारा माणूस झाला, असे पुस्तके सांगतात. शेजारी हमखास एक चित्र असते: पारदर्शक कवटी, आरपार गेलेली पहार आणि आत रेखीव मेंदू.

हे चित्र आम्हीही वर्षानुवर्षे व्याख्यानांत दाखवत आलो. एकदा एका शिक्षिकाबाईंनी विचारले, "हा मेंदू गेजचाच आहे का?" आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. खरे उत्तर "नाही" असे होते.

गेज १८६० मध्ये फेफऱ्याच्या झटक्यांनंतर वारला. शवविच्छेदन झाले नाही. त्याच्यावर उपचार केलेले डॉ. जॉन हार्लो यांनी पुढे कुटुंबीयांच्या संमतीने कवटी व पहार मिळवली. त्या आज हार्वर्डच्या वॉरन संग्रहालयात आहेत. मेंदू मातीत मिसळला.

म्हणजे जी चित्रे आपण पाहतो ती हाडावरून बांधलेली आहेत. १९९४ साली हॅना दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटीची मापे व क्ष-किरण चित्रे घेऊन तीत संगणकावर निरोगी मेंदूचे प्रतिमान बसवले. निष्कर्ष निघाला की दोन्ही बाजूंच्या अग्रखंडांना इजा झाली. २००४ साली पीटर रातिऊ आणि सहकाऱ्यांनी खुद्द कवटीचे सीटी स्कॅन करून तिच्यातील भेगाही हिशेबात घेतल्या. इजा फक्त डावीकडे दिसली. २०१२ साली जॉन व्हॅन हॉर्न यांच्या गटाने तेच स्कॅन वापरून कवटीत ११० निरोगी पुरुषांच्या मेंदूंची एमआरआय चित्रे बसवून पाहिली. त्यांच्या अंदाजाने मेंदूच्या बाह्यकाचा सुमारे ४ टक्के भाग, तर आतील श्वेत द्रव्याचा सुमारे ११ टक्के भाग बाधित झाला. दूरदूरचे भाग जोडणाऱ्या तंतूंकडे लक्ष वेधणारे हे काम आम्हाला तिन्हींत अधिक मोलाचे वाटते. तरीही हा पहारीच्या वाटेचा हिशेब आहे. जखम पुढे चिघळली होती, आत पू झाला होता. त्याने काय नासले हे कोणतेही यंत्र कवटीवरून सांगू शकत नाही.

स्वभावबदलाचा पुरावा तर आणखी तोकडा. तो मुख्यतः हार्लो यांच्या १८६८ सालच्या लेखातील थोड्या ओळींवर उभा आहे. माल्कम मॅकमिलन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मूळ कागद तपासून हे दाखवून दिले, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. १८५२ साली गेज चिलीला गेला आणि तेथे त्याने अनेक वर्षे प्रवासी घोडागाडी हाकली. सहा घोड्यांचे लगाम सांभाळायचे, परक्या मुलखात उतारूंना नीट पोचवायचे, हे काम धरसोड्या माणसाला झेपणारे नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रातही एक डोळा मिटलेला, नीटनेटक्या पोशाखातला, पहार हातात धरून ताठ बसलेला गेज दिसतो. मात्र यावरून गेज बऱ्यापैकी सावरला असे जे मॅकमिलन म्हणतात, तेही अनुमानच. आम्हाला ते पटते, पण सिद्ध झालेले नाही.

हा कीस कशासाठी? कारण अशा चित्रांवरूनच डोक्याला मार लागलेल्या मुलांविषयी आपली मते बनतात. जबर इजेनंतर वर्षानुवर्षे मेंदूचे आकारमान घटत जाते, आतल्या द्रवाच्या पोकळ्या मोठ्या होतात, हे जिवंत रुग्णांच्या एमआरआयमध्ये दिसलेले आहे. उलट सौम्य इजेत साधे सीटी स्कॅन पुष्कळदा निर्दोष येते आणि तरीही मुलाचे डोके दुखते, लक्ष टिकत नाही. श्वेत द्रव्यातील सूक्ष्म बदल टिपणारी नवी तंत्रे आहेत, पण त्यांचे निष्कर्ष बहुतेक गटांच्या सरासरीचे असतात. समोरच्या एका मुलाबद्दल त्यावरून भाकीत करता येत नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून त्या मुलाला कामचुकार ठरवणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. फिल्मवरचा डाग पाहून त्याची आशा सोडणारेही पाहिले आहेत.

ते चित्र आम्ही व्याख्यानातून काढलेले नाही. त्याखाली आता एवढेच लिहितो: कवटी गेजची, मेंदू दुसऱ्यांचे.