कोरसमधली मुले

डिसेंबर-जानेवारीत मराठी शाळांच्या स्नेहसंमेलनांत अजूनही एखादे गाण्यांचे नाटक बसते. भाड्याची ड्रेपरी, ऐनवेळी रुसणारा माइक, परीक्षा तोंडावर. तरी बाई ते बसवतात आणि पालक शेवटच्या प्रवेशापर्यंत खुर्ची सोडत नाहीत. निव्वळ हौसेने हे इतकी वर्षे टिकले नसते.

गद्य नाटकात बोलायला मिळते आठ-दहा जणांना. वर्गात मुले असतात पन्नास. गाणे आले की उरलेल्यांना काम मिळते. संवादात अडखळणारा मुलगा गाण्यात सहसा अडखळत नाही, कारण शेजारच्याच्या सुराचा त्याला आधार असतो. आई येते आपल्या लेकराला पाहायला, पण कोरसमधून त्याला एकट्याला वेगळे काढता येत नाही. मग तिला सगळ्यांचेच ऐकावे लागते. शाळेच्या नाटकाचा प्रेक्षक असा घडतो.

आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळेच्या संमेलनासाठी त्यांनी ‘गुरुदक्षिणा’ हे नाटक लिहिले. पुढे 1959 साली सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’ने रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ आणले आणि बालनाट्याला तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळाला. राक्षस, चेटकिणी, राजपुत्र तिथे खुलले. 1986 मध्ये पुण्याच्या थिएटर अकादमीने बर्लिनच्या ग्रिप्स या बालनाट्यसंस्थेची वाट धरली. श्रीरंग गोडबोले यांच्या ‘छान छोटे वाईट्ट मोठे’मध्ये परी नव्हती, घरातली, आजूबाजूची मुले होती आणि त्यांच्या भूमिका मोठी माणसे करत होती. इथे गाणे सजावटीपुरते राहिले नाही. मोठ्यांशी वाद घालताना मुलाला जे बोलून सांगता येत नाही, ते तो गाऊन सांगतो. मला ही मराठी बालरंगभूमीची फार मोठी कमाई वाटते.

शाळांपर्यंत मात्र ती पुरेशी झिरपली नाही. पेटी-तबला मागे पडला, पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक आला. मुले ओठ हलवतात, हातवारे अचूक करतात. नाच बसवणारे सर बाहेरून येतात आणि गाणी सिनेमातली असतात. सफाई वाढली, हे खरे. पण ट्रॅक मुलासाठी थांबत नाही. पेटीवर बसलेल्या बाई थांबतात: ओळ विसरली तर एक आवर्तन जास्त वाजवतात, आवाज चढत नसेल तर पट्टी उतरवतात. शाळेच्या संगीत नाटकाचा जीव या सांभाळून घेण्यात आहे, आणि नेमके तेच आपण काढून टाकत आहोत.

दोष शिक्षकांवर ढकलणे अन्यायाचे होईल. बालनाट्याच्या पुस्तकात गाण्याचे शब्द असतात, चाल बहुधा नसते. प्रयोग संपले की चाल कलावंतांबरोबर जाते. गावातल्या बाईंनी ती आणायची कुठून? साधे स्वरलेखन, सोबत गाऊन ठेवलेली ध्वनिफीत आणि कोरसला खरोखर काही करायला देणारी संहिता, एवढे प्रकाशकांनी आणि नाट्यसंस्थांनी शाळांच्या हाती द्यायला हवे.