टाचण नेटके, सम हुकलेली

घाटकोपर-मुलुंडकडच्या शाळांतील वाद्यवृंदासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले एक पाठ-टाचण आम्ही तपासले. विषय : त्रितालातील तिहाई. उद्दिष्टे, साहित्य, मूल्यमापन सारे जागच्या जागी. तिहाई मात्र अशी : समेपासून 4 मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये 2-2 मात्रांचा विराम, एकूण 16, म्हणून आवर्तन पूर्ण.

टाळी देऊन पाहा. शेवटचा बोल सोळाव्या मात्रेवर पडतो आणि सम रिकामी जाते! सम म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली, सलग मोजल्यास सतरावी मात्रा. हे यंत्र शब्दापुढे संभाव्य शब्द मांडत जाते. ठेका त्याच्या कानी पडत नाही.

चूक दुरुस्त होईल. आमचा मोठा आक्षेप वेगळा आहे. पाठाचे नाव 'सर्जनशील' आणि तिहाई आयती! मग मुलांनी करायचे काय? त्याऐवजी त्यांना इतकेच सांगावे : तुकड्याची तिप्पट अधिक विरामाची दुप्पट बरोबर 17. पाचाच्या तुकड्याला विराम 1 मात्रेचा, तिनाच्या तुकड्याला 4. चाराचाच हट्ट धरला तर अडीच! ढोलकीवाल्या मुलाला अडीच मात्रा थांबायला लावा, सारा वर्ग जागा होतो. लेझीमवाल्यांना केरव्याच्या 8 मात्रांसाठी बेरीज 9 करावी लागेल. तिनाचा तुकडा विरामाशिवाय बसतो. हा शोध एका तासिकेत मावतो. या जोड्यांवर बोल सुचवायला हवे तर यंत्राला सांगावे. ते समेवर येतात का, हे मुलांनीच टाळीवर तपासावे.