खंजिरी, पेटी आणि चार अठ्ठावन्न

बडनेरा जंक्शनवरून गाडी धरून सातासमुद्रापार गेलेल्या वऱ्हाडकरांचं हे मंडळ कसं उभं राहिलं, ते सभासदांना नव्यानं सांगायला नको. तळघरातल्या पहिल्या सामुदायिक प्रार्थनेची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिथल्या सतरंजीवर अमरावतीकडची ख्रिस्ती कुटुंबंही पहिल्यापासून बसली, आणि नाताळात त्यांच्या घरी बाकीचे टाळ घेऊन गेले, एवढं मात्र पोट्ट्यांना सांगायलाच हवं.

यात कुणाचे उपकार नाहीत. वाट आधीच मळलेली होती. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच येशूचरित्र कीर्तनात आणलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला तो 1893 मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेच्या डब्यात. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि भजन सोडलं नाही. 'उपासना संगीता'त त्यांची गीतं आजही आहेत. इकडे यावलीच्या तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारला आणि 1955 च्या विश्वधर्म परिषदेसाठी थेट जपान गाठलं.

मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव ज्यानं पाहिला, त्याला वेगळं काही समजावावं लागत नाही. रस्ते माणसांनी फुललेले, दिंड्या, भगव्या टोप्या, खंजिऱ्यांचा एकच गजर. महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी गेले, त्या वेळेला म्हणजे चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सारं थांबतं. लाखोंचा समुदाय असतो, पण मुलाचं रडणंही दूरवर ऐकू येतं. मग एकेका धर्माची प्रार्थना होते. त्यात ख्रिस्ती प्रार्थना येते ती पाहुणी म्हणून नाही, आपल्या पाळीनं येते.

परदेशात एवढा थाट कुठला! तरी पेटीवाले काका आणि चर्चमधल्या मावशी नसत्या, तर हे मंडळ केव्हाच हळदीकुंकू आणि भेळेपुरतं उरलं असतं. बर्फ पडो की ताप येवो, काकांची पेटी वेळेवर हजर. आणि टिळकांच्या गीतांच्या जुन्या चाली मावशींइतक्या कुणाच्या गळ्यात नाहीत, अगदी नगरातही नसतील.

काळजी आहे ती पुढची. खंजिरीच्या जागी ऑक्टोपॅड आला. प्रार्थना आटोपती झाली, भजनाला तयार ट्रॅक लागू लागला, मराठी ओळी रोमन लिपीत पडद्यावर आल्या. मुलांना दोन धर्मांनी एकत्र बसण्याचं नवल वाटत नाही, ही जमेची बाजू. पण नुसतं शेजारी बसून भजन येत नाही. ठेका चुकवत, मोठ्यांची बोलणी खात ते शिकावं लागतं. मोठ्यांनीही बोलणी जरा कमी करावीत म्हणा.

यंदाच्या नाताळासाठी टिळकांचं एक आणि तुकडोजींचं एक भजन ट्रॅकशिवाय बसवायचं ठरलं आहे. तालीम रविवारी दुपारी, चर्चची उपासना आटोपल्यावर. माळ्यावर पडलेल्या खंजिऱ्या घेऊन याव्यात. कातडं सैल पडलं असेल तर काका तापवून देतील.