ऐकीव कीर्तीचे लोकनाट्य

मराठी लोकनाट्याच्या सद्यःस्थितीचा विचार करू लागले असता एक चमत्कारिक विसंगती दृष्टोत्पत्तीस येते: ज्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे नाव न ऐकलेला मनुष्य परळ-लालबागेत शोधूनही सापडावयाचा नाही, त्याचा मूळ संचातील प्रयोग पाहिलेला प्रेक्षक मात्र आता विरळा झाला असून, बाकीच्यांची रसिकता वडीलधाऱ्यांच्या आठवणींवर गुजराण करीत आहे.

वसंत सबनीसांनी ‘छपरी पलंगाचा वग’ म्हणून लिहिलेल्या या लोकनाट्यात कोतवाली हुकलेला हवालदार नर्तकी मैनावतीच्या साहाय्याने वशिल्याने आलेल्या नव्या कोतवालास राजाचा पलंग चोरावयास लावतो, एवढ्याशा कथानकात वशिलेबाजीची केवढी कैफियत मांडली गेली आहे! सेवादलाच्या कलापथकातून आलेल्या दादा कोंडके यांनी 1965 पासून हा हवालदार उभा केला तो संहितेच्या सांगाड्यात त्या त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातील घडामोडी भरून, आणि गण, गवळण, बतावणी व वग ही तमाशाची जुनी वहिवाट शहरी नाट्यगृहात रुजवून. अर्थात कालचा विनोद आज शिळा ठरावा, हाच या कलेचा धर्म होता. म्हणून छापील पुस्तक हा तिचा अपुराच दस्तऐवज आहे.

ही उणीव ऐकीव कीर्ती भरून काढते खरी, परंतु ती पक्षपाती असते. दादांच्या ‘सोंगाड्या’ या चित्रपटासाठी 1971 साली दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहापाशी शिवसेनेने केलेली चळवळ ज्यांस मुखोद्गत आहे, त्यांतील कित्येकांस त्या चित्रपटाचे कथानक सांगता येत नाही; दादांच्या द्व्यर्थी संवादांचा उल्लेख होताच हसणाऱ्यांस, ते संवाद ज्या भाबड्या चेहऱ्याने उच्चारले जात त्याची कल्पना नसते. दादू इंदुरीकरांचे ‘गाढवाचं लग्न’ हे लोकनाट्यही 2007 च्या चित्रपटावरूनच ओळखणारी पिढी आता जाणती झाली आहे. शिवाय 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव पांगले, तेव्हा या रंजनाचा एक खंदा आश्रयदाता गेला.

याउलट, ‘विच्छा’चा हाच वग ‘सैंया भये कोतवाल’ या नावाने हिंदीत गेला, तेथे कोंडक्यांच्या स्मृतीचे ओझे नसल्यामुळे दिग्दर्शकांस केवळ संहितेच्या बळावर उभे राहावे लागले, आणि ती संहिता त्या कसोटीस उतरली. मुंबईत मात्र जो नट हवालदार होईल त्याची तुलना तत्काळ दादांशी होते, आणि ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दादांना त्या भूमिकेत पाहिलेलेच नसते!

समीक्षकाने म्हणूनच पुनरुज्जीवित प्रयोगाचे माप बदलले पाहिजे. दादांच्या लकबींची हुबेहूब नक्कल करणारा नट कीर्तीचा मुनीम होय. परंतु आज सकाळच्या वर्तमानपत्रातील महापालिकेचा कारभार वेशीवर टांगणारा हवालदार, त्याच्या आवाजात दादांचा मागमूस नसला तरी, या परंपरेचा खरा वारस मानावयास हवा.