आत्याबाई, अत्ते आणि इरावतीबाई

इरावती कर्वे म्हटले की वाचकांना 'युगान्त' आठवते. त्या पुस्तकाच्या कीर्तीपुढे त्यांचा 1953 चा 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा ग्रंथ मागे पडला. सीमाभागातील वाचकाने मात्र तो आवर्जून वाचावा. त्यात आपल्याच घरातले शब्द आहेत.

आपल्याकडे सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणते. कडोलीत शेजारची कन्नड सून 'अत्ते' आणि 'माव' म्हणते. तिच्या बोलीत बापाची बहीण नि सासू, आईचा भाऊ नि सासरा यांना एकच शब्द चालतो. या शब्दांमागे लग्नाची रीत उभी आहे. मराठ्यांत मामाची मुलगी करतात, आत्याची सहसा करीत नाहीत. कर्नाटकात अनेक समाजांत थोरल्या बहिणीची मुलगीही चालते. बाईंनी महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मध्ये बसवले ते यामुळेच.

इथे रीत शरीरात उतरते. मामेबहिणीशी लग्न झाल्यास, एकाच पूर्वजाकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती मुलात येण्याची शक्यता 16 त 1. भाचीशी झाल्यास 8 त 1. पिढ्यान्‌पिढ्या लपलेला दोष मग उघडा पडतो. जमीन घरात राहावी, लेक ओळखीच्या उंबऱ्यात जावी, हा विचार माणसांचा. भोगतो मात्र नातू. बर्लिनला कवट्या मोजून डॉक्टरेट मिळवलेल्या बाईंच्या या ग्रंथाचा भर शब्दांवर आणि नियमांवर आहे. हा दुसरा हिशेब वाचकानेच मांडायचा.

एका मुद्द्यावर त्यांच्याशी भांडावे लागते. जाती म्हणजे एकाच समाजाचे तुकडे नव्हेत, ते मुळातच वेगळे गट, असे त्यांनी 'हिंदू सोसायटी' (1961) मध्ये मांडले. हैदराबाद व हार्वर्डच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले ते असे : सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वी या देशात दूरदूरच्या गटांची मोठी सरमिसळ झाली, आणि गटाबाहेरची लग्ने त्यानंतर थांबत गेली. म्हणजे आधी सोयरीक, मग भिंत. जात म्हणजे दूरवर पसरलेले सोयरे, हे बाईंचे निरीक्षण मात्र यातूनही टिकते.

सीमावादात 'आमचे रक्त, त्यांचे रक्त' हे शब्द सहज वापरले जातात. असे बोलणाऱ्याने निदान आपल्या आत्याबाईंना हाक मारताना थोडे थांबावे. ग्रंथातले नात्यांच्या शब्दांचे तक्ते भाषेवार आहेत. दोन्ही भाषा एकाच चुलीपाशी बोलणाऱ्या घरांचा तक्ता निपाणी-बेळगावच्या एखाद्या अभ्यासकाने करायला घ्यावा. म्हाताऱ्या आज्या आहेत तोवर.